अडकलेले हात

माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. इंझोरीत लोक तिला मुकी म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणतात, कारण तिला ऐकू जाणार नाही हे त्यांना माहीत असतं. मला मात्र ऐकू जातं. लहानपणापासून मी ते ऐकून गिळत आले. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून मी गिळणं बंद केलं. त्याला कारण झाला आईचा फोन.

आमच्या घरात हातानं बोलायचं. बाबांना ऐकू येत होतं, पण लग्नानंतर ते आईचे हात शिकले आणि मी तर बोलायच्या आधी हातच शिकले. भाऊ माझ्यापेक्षा मोठा. तो पाचवीपासून वाशिमला मामाकडे शिकायला राहिला आणि तिकडचाच झाला. आईशी बोलायला त्याच्याकडे चार खुणा आहेत: जेवण, पाणी, बरं आहे का, चाललो. एवढ्यावर त्याचं आयुष्य निघालं. बाबा होते तोवर ते मधे उभे राहायचे आणि दोघांचं बोलणं पोचवायचे. बाबा गेल्यावर मी पोचवायला लागले. पण माझं सासर केनवडचं. मी काही रोज इंझोरीत नसते.

आईला बोलायला खरं माणूस एकच, आणि ती म्हणजे धनजची मावशी. मावशी म्हणजे सख्खी नाही. दोघी लहानपणी एका वसतिगृहाच्या शाळेत होत्या, ऐकू न येणाऱ्या मुलींच्या. तिथल्या बाई मुलींचा हात आपल्या गळ्यावर ठेवून प, ब, म म्हणायला लावायच्या. वर्षानुवर्षं तेच चालायचं. वर्गात हातानं बोललं तर बोटांवर पट्टी बसायची. त्यामुळे लिहिणं-वाचणं राहून गेलं. आईला मोडकंतोडकं वाचता येतं, मावशीला सही करण्यापुरतं. पण कपडे धुवायच्या दगडावर, पाठीमागच्या चिंचेखाली दोघींनी आपले हात वाढवले, नवेनवे शब्द केले. आईचं नाव मावशीच्या हातात आहे, हनुवटीवरच्या खळीत एक बोट. ते नाव दुसरं कुणी घेत नाही. बाबाही घ्यायचे नाहीत. ते नाव मावशीचं आहे असं म्हणायचे.

लग्नं झाली आणि दोघी लांब गेल्या. वर्षा-दोन वर्षांतून कुणाच्या तरी लग्नात भेट व्हायची. मग व्हिडीओ कॉल आला. आईच्या आयुष्यात त्याच्याएवढी मोठी गोष्ट आली नसेल. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की आई ओसरीत खांबाला पाठ लावून बसायची. समोर पाटावर स्टीलचा डबा, डब्याला टेकवलेला फोन. तास तास दोघी बोलायच्या. काय बोलायच्या ते मी कधी कधी शेजारी बसून पाहायची. सुना, गुडघे, कुणाची गाय व्याली, कुणी कुणाला काय नेसवलं. मधेच आई इतकी हसायची की बांगड्या वाजायच्या.

तो फोन भावाचा जुना होता. त्यानं स्वतःला नवीन घेतला आणि हा आईला दिला. देताना मी तिथेच होते. मी म्हटलं, अरे, हा तर आत्ताच अडकतो, तिला एखादा साधा पण नवा घेऊन दे, अर्धे मी देते. तो हसला.

"हा बास आहे. तिले कोनाशी बोलाचं आहे?"

आई आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. काय म्हणाला, असं तिनं मला हातानं विचारलं. मी तिला सांगितलं, तो म्हणतो जपून वापर.

सुरुवातीला तो फोन बरा चालला. मग हळूहळू बसत गेला. उघडायला वेळ, नंबर लावायला वेळ, आणि कॉल लागला की चित्र थांबायचं. आपल्यासारख्यांना यातलं काही कळत नाही. आपलं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, आपण हॅलो हॅलो करतो आणि बोलणं पुढे जातं. आईचं चित्र हाच तिचा आवाज. समोरचे हात हवेत थांबले की बोलणं मधेच तोडल्यासारखं होतं, आणि पुन्हा चालू होतात तेव्हा मधलं वाक्य गेलेलं असतं. हे मी भावाला फोनवर कितीदा सांगितलं. तो म्हणायचा नेटवर्क आहे, खेड्यात असंच राहते. शेजारच्या वहिनीचा फोन त्याच कंपनीच्या कार्डावर, त्याच ओसरीत बसून सरळ चालायचा. तेही सांगितलं. तो म्हणाला पाहतो.

त्या दिवाळीला सोयाबीन घरात आलं आणि मी चार दिवस माहेरी आले. पहिल्याच दुपारी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जेवणं झाली, भांडी झाली, आणि आई ओसरीत न बसता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. फोन कोनाड्यात होता. मी तिला हलवलं आणि विचारलं, मावशीला लावत नाहीस? आईनं हात झटकला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती उठून बसली आणि तिनं मला करून दाखवलं.

शेवटचा कॉल झाला त्यात मावशी रडत होती. आधी हात लांब नेला, जाण्याचा. मग चित्र थांबलं. मग एकदम मावशीचा पंजा पुढे आला आणि हलला, नको, नको. कपाळाला आठ्या, तोंड उघडं. तिथे पुन्हा थांबलं आणि कॉल गेला. आईनं तो चेहरा मला हुबेहूब करून दाखवला. म्हणाली, तिनं मला नको म्हटलं. येऊ नको म्हटलं. मी तिचं काय केलं?

त्यानंतर मावशीचे कॉल येत राहिले आणि आईनं एकही उचलला नाही. फोन थरथरायचा, आई त्याच्याकडे पाहायची आणि तो थांबेपर्यंत पाहत राहायची. चाळीस-पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि आई महिनाभर तिच्यापासून तोंड फिरवून बसली होती. शेजारच्या वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. भावालाही नव्हतं, जरी तो दसऱ्याला येऊन जेवून गेला होता. तो गेला तेव्हा आईनं त्याला सांगायचा प्रयत्न केला होता म्हणे. त्यानं मान हलवली आणि बरं आहे ना, अशी खूण केली.

मी तिथेच फोन घेतला आणि मावशीला लावायला गेले. हिरवं बटण दाबलं तर पडदा काळा झाला. मग फोन आपोआप बंद झाला. पुन्हा चालू व्हायला इतका वेळ लागला की मी तो भिंतीवर आपटणार होते.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मी एसटीनं कारंज्याला गेले. बाजारात दिवाळीची गर्दी. मोबाईलच्या दुकानात एक माणूस बसला होता, त्याला सगळं सांगितलं. त्यानं फोन उलटापालटा केला आणि नवीन घ्या म्हणाला. मी म्हटलं आज नाही, आज हा नीट करून द्या, हिला व्हिडीओ कॉल करायचा आहे. तेव्हा त्यानं पहिल्यांदा आईकडे पाहिलं. आई मला हातानं काहीतरी विचारत होती.

"यायले बोलता येत नाई का?" त्यानं विचारलं. "मंग व्हिडीओ कॉल कायले पायजे?"

दुकानातली दोन माणसं हसली. मी त्या माणसाला म्हटलं, तुम्ही तोंडानं बोलता ते काय बोलता हे आत्ता कळलं, माझी आई हातानं तुमच्यापेक्षा शहाण्यासारखं बोलते. आवाज चढला होता. रस्त्यावरची माणसं थांबली. आईनं माझा दंड धरला. तिला शब्द कळले नाहीत, पण माझा चेहरा ती लहानपणापासून वाचते. दुकानदार वरमला. त्यानं घाईघाईनं फोनमध्ये काहीतरी टाकलं, एक रॉकेटचं चित्र आलं, त्यावर दाबलं की फोन फास्ट होतो म्हणाला, आणि आम्हाला वाटेला लावलं.

घरी येऊन मी रॉकेट दाबलं. ते जोरात वर गेलं, खाली हिरव्या अक्षरांत लिहून आलं की फोन आता वेगवान झाला आहे. मग मावशीला लावणार, तेवढ्यात सगळा पडदा भरून एका पत्त्याच्या खेळाची जाहिरात आली. नाचणारी मुलगी, वरून पडणारी नाणी. फुली कुठे आहे ते सापडेना. ती घालवली तर दुसरी आली, आणि फोन आधीपेक्षा जड झाला. आई माझ्या खांद्यावरून पाहत होती. ही कोण, असं तिनं त्या नाचणाऱ्या मुलीकडे बोट करून विचारलं. मी म्हटलं, तुझ्या लेकाची मैत्रीण. आईला हसू आलं. मला आलं नाही.

मी केनवडला ब्लाउज शिवते. डिझाईनच्या फोटोंनी माझाही फोन भरतो, तेव्हा तो रिकामा करायचं थोडंफार मला येतं. त्या दुपारी मी ओसरीत बैठक मारली. आधी ते रॉकेट काढून टाकलं. ते निघेना, सेटिंगमध्ये जाऊन त्याला दिलेली परवानगी काढावी लागली, तेव्हा निघालं. मग फोनमध्ये जागा किती उरली ते पाहिलं. जवळजवळ नव्हतीच. आईनं स्वतः काढलेले फोटो मूठभर. मग हे भरलं कशानं?

एकेक फोल्डर उघडत गेले आणि माझं डोकं तापत गेलं. भावानं फोन देताना त्यातून आपलं खातंच काढलं नव्हतं. तो वाशिमला जे जे फोटो काढेल ते ते इथे आईच्या फोनमध्ये उतरत होते. त्याची गाडी पुढून, गाडी मागून, ऑफिसातलं जेवण, हॉटेलातली ताटं. त्याचे मेल येत होते. मग घराण्याच्या ग्रुपवरचे शुभ सकाळ, फुलं, देव, राजकारणाचे व्हिडीओ, सगळे आपोआप उतरलेले. आणि मग मला तो फोल्डर दिसला. गाणी. त्याची जुनी गाणी शेकड्यांनी आणि ग्रुपवरून आलेली भजनं, कीर्तनं, भाषणं.

जिला आयुष्यात एक आवाज ऐकू आला नाही तिच्या फोनमध्ये गाणी भरली होती. आणि त्या गाण्यांना जागा हवी म्हणून तिच्या मैत्रिणीचे हात हवेत अडकत होते.

माझे डोळे भरून आले ते रागानं. आईनं विचारलं, काय आहे? मी कानाजवळ हात नेऊन लहरी केल्या, गाणं. तिनं विचारलं, कुणाचं? मी सांगितलं.  तिनं माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, कुठे दाबायचं ते दाखव, मी दाबते.

मी सगळी एकदम निवडून द्यायला निघाले तर तिनं नको म्हटलं. तिला एकेक काढायचं होतं. अंगठा टेकवायची, कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबायची, ते नाव नाहीसं झालं की मान हलवायची. कितीतरी वेळ तिनं तेच केलं. शेवटी अंगठा दुखला तेव्हा उरलेली मला काढू दिली. भावाचं खातं मी काढलं. ग्रुपवरचं काही आपोआप उतरू नये असं करून ठेवलं. बाबांचे फोटो आणि मावशीनं कधीतरी पाठवलेले व्हिडीओ आले तेव्हा आईनं माझ्या मनगटावर चापट मारली, हे नाही. ते मी फोनच्या मेमरी कार्डावर वेगळे ठेवले. कधी न वापरलेली ॲप काढली, उरलेल्यांची साठलेली घाण साफ केली, फोनचं सॉफ्टवेअर शेजारच्या वहिनीच्या नेटवर अपडेट केलं. फोन गरम झाला होता. त्याचं जाड रबरी कव्हर काढून तो माठाजवळच्या गार फरशीवर ठेवला. मग बंद करून चालू केला.

तो पटकन चालू झाला. अगदी नव्यासारखा नव्हे, पण चालू झाला.

आई मावशीला लावायला तयार होईना. मी लावला. तिसऱ्या रिंगला मावशी दिसली. तिच्या मागे धनजची निळी भिंत नव्हती, पांढऱ्या फरश्या होत्या. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागे आईला, आणि पहिल्यांदा हनुवटीवर बोट ठेवलं. आईनं हात वर केले नाहीत. मग मावशीचे हात जे सुटले ते थांबेचनात.

मी ते सगळं पाहिलं. तू आली का नाहीस? मुलगा मला सुरतेला न्यायला आला होता. घर बंद केलं. मी तुला सांगितलं, बसू नको तिथे, ऊठ, ये, एकदा भेटून जा. एसटी आली की मी रस्त्यावर जायची. उतरणाऱ्या बाया पाहायची. तू आली नाहीस. कॉल घेतला नाहीस. मेली समजलीस का मला?

आईचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, तू नको म्हणालीस.

मावशी म्हणाली, बसू नको म्हणाले! बसू नको, ये!

आईनं हात खाली ठेवले, मांडीवर, उताणे. आमच्या घरात याला गप्प होणं म्हणतात. मग तिनं फोनकडे पाहिलं, मावशीकडे नाही, त्या काळ्या चौकटीकडे, आणि एकदम तीही सुटली. मला काय दिसलं ते सांगू लागली, नको एवढंच दिसलं, तुझ्या आठ्या दिसल्या. मावशी म्हणाली, पन्नास वर्षांत मी कधी नको म्हटलं का? तुला खरं वाटलं कसं? आई म्हणाली, तू एक माणूस पाठवायचा होतास. मावशी म्हणाली, कोण माणूस? माझे हात कळणारा एक माणूस दाखव धनजात.

दोघी खूप वेळ भांडल्या. ओसरीत बांगड्यांचा आणि श्वासांचा आवाज तेवढा होता. शेजारची वहिनी कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून काय झालं म्हणून खुणावू लागली. मी तिला थांब म्हटलं. एवढं भांडण झालं, मी डोळ्यात तेल घालून पाहत होते, आणि चित्र एकदाही थांबलं नाही. शेवटी मावशी रडली, आई रडली, आणि मग सुरतेच्या घरात सून कशी आहे यावर गाडी आली, तेव्हा मी उठून चहा ठेवला.

पण धनजला भेटायचं राहिलं ते राहिलंच. घराला कुलूप आहे. मावशीचे गुडघे तिला परत येऊ देत नाहीत आणि आईला कुणी सुरतेला नेत नाही. हे कुठलाही फोन साफ करून भरून येणार नाही.

भाऊबीजेला भाऊ बायकोला घेऊन आला. ओवाळायच्या आधीच विषय निघाला, कारण त्यानंच काढला. आपलं खातं फोनमधून काढल्याचा संदेश त्याला आला होता.

"माहे फोटो काहून उडवले?" तो म्हणाला.

मी म्हटलं, तुझे फोटो तुझ्याकडे आहेत, ते कुठे जात नाहीत. आईचा महिना गेला, तो कुठे आहे सांग. मग मी त्याला सगळं सांगितलं, मावशीचं, रस्त्यावर उभं राहण्याचं, गाण्यांचं. मला वाटलं होतं, हे ऐकून तो खाली बसेल. तो म्हणाला, मी काय मुद्दाम केलं का. तो म्हणाला, निदान फोन तरी दिला, दुसऱ्या कोणी दिला का. आणि वर म्हणाला, त्यांनी लिहून बोलावं ना, मेसेज करावा, एवढं काय.

"तू बायकोशी चिठ्ठ्या लिहून बोलतोस का?" मी विचारलं.

त्याच्या बायकोनं खाली पाहिलं.  आई ताट घेऊन मधे उभी होती, निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं. तिनं मला ताट दिलं आणि ओवाळ म्हणाली. मी ओवाळलं. कुंकू त्याच्या भुवईवर लागलं.

मी परत निघण्याआधी आईनं माझ्याकडून सगळं शिकून घेतलं. जागा कुठे पाहायची, काय काढायचं, काय ठेवायचं, फोन चार्जिंगला असताना कॉल करायचा नाही, उन्हाळ्यात तो फरशीवर ठेवायचा. तिनं प्रत्येक गोष्ट मला दोनदा करून दाखवायला लावली आणि मग स्वतः केली. आता ती मावशीलाही कॉलवरून शिकवते. फोन अजूनही मधूनमधून बसतो, चैत्र-वैशाखात जास्तच. नवीन घेऊन देण्यासाठी मी दर महिन्याला थोडं बाजूला ठेवते आहे. आईला ते सांगितलेलं नाही, कारण ती नको म्हणेल, आणि यावेळी ते खरोखरचं नको असेल.

मागच्या महिन्यात आई घराण्याच्या ग्रुपमधून बाहेर पडली. स्वतः, कुणाला न विचारता. त्याच संध्याकाळी भावाचा मला फोन आला. सगळे विचारून राह्यले, आईनं ग्रुप कायले सोडला, तिले राग आला का, म्हणाला. मी म्हटलं, मला काय विचारतोस, तिलाच विचार.

"मी कसा विचारू तिले?"

मी म्हटलं, सुट्टी काढ. आठ दिवस इंझोरीला येऊन राहा. ती शिकवेल. ती फार चांगलं शिकवते.

तो पाहतो म्हणाला. अजून आलेला नाही.